खाऱ्या पाण्यातला फेस

३ फेब्रुवारी

सूनबाई,

आशीर्वाद आधी देऊन टाकते, म्हणजे पुढे रागावून पत्र फाडलंस तरी ते पोचलेले असतील. नावाआधी ‘चि.’ लिहायचं की ‘सौ.’, की दोन्ही, की काहीच नाही, यावर बराच वेळ पेन हातात धरून बसले आणि शेवटी सगळंच सोडून दिलं.

या घरातून मला फोन करू नका, असं तू जाताना सांगितलंस. मी नाही केला. पत्राबद्दल तू काही बोलली नव्हतीस.

तुला एक सांगायचं आहे आणि ते ऐकून तुझ्या कपाळाला आठी पडणार हे मला इथे बसून दिसतंय. टाकी अजून इथेच आहे. तू त्या दुकानदाराला सांगून ठेवलं होतंस आणि तो ठरल्याप्रमाणे गाडी, दोन माणसं आणि झाकणाची पिंपं घेऊन आलाही होता. मी त्याला दारातच सांगितलं की सूनबाईंचा विचार बदललाय. म्हणजे तुझा विचार मी तुला न विचारता बदलला. आत हॉलमध्ये फुग्या काचेला तोंड लावून आमच्याकडे बघत होता, आणि त्याला पिंपात घालून कुठल्याशा दुकानाच्या मागच्या खोलीत धाडायचं माझ्याच्याने होईना. एवढा मोठा मासा, डोळे माणसासारखे, आणि माझी चाहूल लागली की पाण्याबाहेर तोंड काढून पिचकारी मारतो. माहेराहून येताना तू दागिने आणले नाहीस, हा मासा आणलास, याची नातेवाइकांत किती चर्चा झाली होती ते तुला माहीत नाही. मी सगळ्यांना सांगितलं होतं की दागिने लोळत पडतात कपाटात, हा निदान ओळख तरी दाखवतो.

आता मुद्द्याचं. तुझा स्किमर बंद पडलाय. आधी खरखर करत होता, मग घुं घुं, मग एका सकाळी गप्पच. दुकानदाराने येऊन उघडून पाहिला. पंपात मिठाचे थर बसून आतलं चाक झिजलंय आणि नळीलाही चीर गेलीय. याचं संपलं आता, असं तो म्हणाला, अगदी डॉक्टर बाहेर येऊन सांगतात तशा आवाजात.

स्किमर म्हणजे काय, हे तू मला लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात समजावलं होतंस. मी चादरींच्या घड्या घालत होते आणि तू समोर उकिडवी बसली होतीस. मला कळलं ते असं, चुकलं तर सांग. उभ्या नळीत हवेचे बारीक बारीक बुडबुडे सोडायचे. माशांची घाण, उरलंसुरलं खाणं, जे पाण्यात विरघळून दिसेनासं झालेलं असतं, ते बुडबुड्यांना चिकटतं, फेस होऊन वर चढतं आणि वरच्या कपात सांडतं. तो कप आपण ओतून टाकायचा. समुद्राच्या काठाला मळकट फेस जमतो, तोच प्रकार. खाऱ्या पाण्यात साबण फुटतो, फेस धरत नाही, हे लाँड्रीवालीच्या पोटी जन्मून मी बोलायच्या आधी शिकले असेन. आणि तू मला खाऱ्या पाण्यात साबणाशिवाय फेस दाखवलास. तोही धुतोय काय, तर पाणी. पाणी धुणारं यंत्र घरात आणणारी मुलगी आपली सून आहे, या आनंदात मी त्या दिवशी दोन गिऱ्हाइकांचे शर्ट अदलाबदल करून दिले.

तेव्हा सांग, नवीन कुठला घेऊ? टाकी मोठी आहे, चूक करून चालणार नाही. पाणी आत्ताच थोडं पिवळट दिसायला लागलंय.

आणि उगाच आडपडदा नको म्हणून लिहिते. ही टाकी गेली की या घरात तुझं असं काही उरत नाही, आणि मला तुला लिहायला निमित्त उरत नाही. म्हणून मासे जगायला हवेत.

चिरंजीव बरे आहेत.

तुझी सासू

१६ फेब्रुवारी

सूनबाई,

तुझं उत्तर आलं. चार ओळी. टपालवाल्याच्या हातून घेतलं आणि जिन्यातच वाचलं.

टाकीचं माप विसरा, आत कोण राहतं आणि किती खातं ते बघा. कपाटाच्या आतली उंची मोजा, कप वर उचलायला जागा सोडून. पाणी किती फेकतो ते विचारू नका, हवा किती ओढतो ते विचारा. पाणी बदलत राहा, तोवर खाणं कमी. बस्स, एवढंच. टाकी का ठेवलीत असं एका शब्दाने विचारलं नाहीस. माझ्या बहिणी कशा आहात एवढं विचारायला दोन पानं घेतात. मला तुझं हे फार आवडतं. माणूस बुडत असताना तू त्याला पोहण्याचे फायदे सांगत बसणार नाहीस.

त्याच दिवशी मापाची टेप घेऊन टाकीखालच्या कपाटात शिरले. शिरले म्हणजे डोकं आणि एक खांदा. गुडघ्यांनी नंतर माझ्याशी अबोला धरला, पण आत जे दिसलं त्याने मी सगळं विसरले. इतकी वर्षं वरून मासे बघत होते, खाली काय आहे ते कधी पाहिलंच नव्हतं. प्रत्येक नळीला तुझ्या अक्षरातली पट्टी. प्रत्येक वायर बोर्डाकडे जाण्याआधी खाली झोळ देऊन सोडलेली, म्हणजे वायरीवरून पाणी ओघळलं तर झोळावरून टपकून पडेल, बोर्डात जाणार नाही. एका कॉकवर लिहिलंयस, ‘हा बंद करायचा मोह होईल. करू नये.’ मी तिथेच आडवी पडून हसले. लाँड्रीतला बॉयलर बसवणारा मिस्त्री माझ्या मते या गावातला पहिल्या नंबरचा होता, पण त्याने माझ्यासाठी वायरीला झोळ दिला नव्हता. मी परवा बोलावून त्याला तुझं काम दाखवलं. तो वाकून एकेक वायर बघत गेला आणि म्हणाला, ‘कुणी केलंय?’ मी म्हटलं, आमच्या सूनबाईंनी. काय ऐटीत सांगितलं म्हणून सांगू.

मग दुकानात गेले. त्या दुकानदाराला मी मनातल्या मनात ‘बुडबुडे’ म्हणते, कारण तो बोलतो भरभरून आणि हाताला काही लागत नाही. माणूस वाईट नाही. त्याने समोर तीन ठेवले. एक टाकीच्या काठाला अडकवायचा, तो मीच बाजूला सारला, आपल्या टाकीला तो म्हणजे हत्तीला रुमाल. दुसरा अवाढव्य, माझ्या छातीपर्यंत येणारा, खोक्यावर आपल्या टाकीच्या दुप्पट पाण्याचा आकडा. तिसरा मधला, खाली रुंद, वर निमुळता.

बुडबुड्यांनी मोठ्याचा आग्रह धरला. मोठा घेतला की चिंता नको, म्हणाले. आता बघ, मी काही माशांमधली नाही, पण खोक्यावरच्या आकड्यांमध्ये माझं आयुष्य गेलंय. धुण्याच्या मशीनवर जेवढे किलो लिहिलेले असतात, तेवढे त्यात कोंबले तर कपडे नुसते भिजून बाहेर येतात. आणि मोठ्या मशीनमध्ये दोन रुमाल टाकले तर तेही निघत नाहीत, कारण एकमेकांवर घासायला काही नसतं. मी त्यांना विचारलं, याला पुरेशी घाण मिळाली नाही तर फेस वरपर्यंत चढेल का? त्यांनी खोकं फिरवून वाचलं. म्हणाले, नाही चढणार, मधेच बसेल. मग मी हवेचं विचारलं, तुझ्या सांगण्याप्रमाणे. मधला त्याच्या आकाराच्या मानाने चांगली हवा ओढतो. मग फुग्या काय खातो, आपली ती पिवळी मासोळी काय खाते आणि बाकीची किरकोळ मंडळी काय खातात, ते सगळं सांगितलं. फुग्या खातो कमी आणि सांडतो जास्त, त्यामुळे अगदी लहान घेऊन चालणार नाही, हे आमचं एकमत झालं. उंचीत मोठा बसतच नव्हता. बसला असता तरी कप काढायला कपाटाचं छत फोडावं लागलं असतं.

मधला सांगून आले. धुणं बघून मशीन निवडलं, म्हणजे तुझ्याच ओळीवर चालले. बरोबर ना?

चिरंजीव बरे आहेत. कामाच्या गडबडीत असतात.

तुझी सासू

२ मार्च

सूनबाई,

बसला. आणि काय बसला! तू हवी होतीस बघायला.

बुडबुडे स्वतः येऊन लावून गेले. जाताना सांगून गेले की नवा स्किमर पहिले काही दिवस वेड्यासारखा वागतो, फेस सांडतो, घाबरू नका. मी कशाला घाबरतेय? फेस आणि मी लहानपणापासून एकत्र वाढलो. चालू केला आणि थोड्याच वेळात पांढराशुभ्र फेस सरसर नळीतून वर. कप भरला, कपाच्या नळीतून बादलीत उतरायला लागला, बादली भरली. तुझ्या जुन्याला दिवसभरात कपाच्या तळाशी चहासारखं काहीतरी जमायचं. हा बादल्या काढतोय. आणि पाणी कसं, तर नितळ. म्हणजे टाकीतली घाण संपत आली म्हणायची, कपड्यांच्या शेवटच्या खळबळीला येतं तसं स्वच्छ पाणी येतंय.

मी त्याची उत्तम बडदास्त ठेवली आहे. लावायच्या आधी प्रत्येक भाग हाताने घासून धुतला, आणि कप तर रोज काढून चकचकीत करते. इतका की त्यात तोंड दिसावं. तुझ्यासारखी पट्टीही लावली आहे, ‘नवा. मधला. सासूने निवडला.’ अक्षर तुझ्याइतकं सुबक नाही.

तू गेलीस ते बरोबर केलंस असं मी म्हणणार नाही, कारण मी त्याची आई आहे. चूक केलीस असंही म्हणणार नाही, कारण मत्स्य संशोधन केंद्राचं नोकरीचं ते बोलावणं आलं त्या दिवशी तुझा चेहरा मी पाहिला होता. तो म्हणाला, मी की नोकरी. मला तेव्हाच कळलं होतं की हा प्रश्न तुला विचारायचा नसतो. पण विचारून झाला होता. मी त्या रात्री पाहुण्यांच्या चादरी पुन्हा धुवायला काढल्या, दुसरं काय करणार?

फुग्या जरा कोपऱ्यात असतो. नव्या यंत्राच्या आवाजाने बावरला असेल. पिवळी मजेत.

चिरंजीव बरे आहेत. आवाजाचा त्यांना त्रास नाही.

तुझी (आज फार खूश असलेली) सासू

८ मार्च

सूनबाई,

फोन ठेवला आणि लिहायला बसले, कारण फोनवर मी नुसतं ‘हो’ आणि ‘बरं’ म्हणत होते. तुला माहीत आहे, मी घाबरले की आज्ञाधारक होते.

आधी कबूल करते की पलीकडून तुझा आवाज ऐकला तेव्हा तूच आहेस ना म्हणून मी फोन दुसऱ्या कानाला लावून पाहिला. इतक्या महिन्यांनी. पण तू ख्यालीखुशालीला जागाच ठेवली नाहीस.

‘बादलीतलं पाणी कसल्या रंगाचं आहे?’

मी म्हटलं, अगदी स्वच्छ गं, पत्रात लिहिलं ना.

‘आई, आधी प्लग काढा. मग बोलू.’

मी गेले, काढला, आले. ‘आई’ म्हणालीस हे मला प्लग काढताना लक्षात आलं आणि मी तिथे क्षणभर उभीच राहिले. मग तू विचारलंस, कप कशाने धुता. मी म्हटलं, आपल्या नेहमीच्या. तू म्हणालीस, लाँड्रीच्या? मी म्हटलं, हो, पण खाऱ्या पाण्यात साबणाचं काही चालत नाही.

तू रागावली असतीस तर बरं झालं असतं. तू अगदी हळू बोललीस. ‘साबणाचं चालत नाही, आई. पण तुमच्या त्या निळ्या डब्यातल्या डिटर्जंटचं चालतं. जड पाण्यातही फेस देतो म्हणून तर तुम्ही तो आणला होता. तुम्हीच मला दाखवला होतात.’

दाखवला होता. मीच. हौसेने, झाकण उघडून. आणि त्यानेच मी तुझा स्किमर रोज घासत होते. थेंबभर राहिला तरी तो बुडबुड्यांना वर चढवतो, घाण असो वा नसो. मी टाकीतलं चांगलं पाणी बादल्या बादल्या ओतून टाकत होते आणि त्याला स्वच्छता समजत होते. आमच्या धंद्यात निघणारं पाणी नितळ झालं की काम फत्ते. तुझ्या धंद्यात ते काळपट, घाणेरडं, नाक मुरडावं असंच निघायला हवं. हे मला कुणी सांगितलं नव्हतं, आणि मी कुणाला विचारलंही नव्हतं.

तू विचारल्यावर मी ते दुर्बिणीसारखं यंत्र डोळ्याला लावून मीठ मोजलं. तो आकडा ऐकून तू मला पुन्हा मोजायला लावलंस. दुसऱ्यांदाही तोच आला, हवा त्याहून खूप कमी. खारं पाणी बाहेर जात होतं आणि कपाटातल्या खालच्या छोट्या टाकीची पातळी उतरली म्हणून तुझी ती आपोआपची सोय शेजारच्या पिंपातून गोडं पाणी भरत होती. तू ती केली होतीस उन्हाने आटणाऱ्या पाण्यासाठी. पाणी आटलं तरी मीठ मागे राहतं, म्हणून वर गोडं घालायचं. ती बिचारी तिचं काम चोख करत होती आणि माझ्या समुद्राची नदी होत चालली होती.

खालच्या टाकीतला तो शंखातला खेकडा गेला. फुग्याच्या तोंडी लागू नये म्हणून तू त्याला खाली वेगळा ठेवला होतास, आपण त्याला ‘भाडेकरू’ म्हणायचो. शंख तसाच आहे, तो अर्धा बाहेर लोंबत होता. मी त्याला बाहेर काढला आणि मला फार लाज वाटली.

फुग्याने आज काही खाल्लं नाही. कोळंबी समोर धरली तर तोंड फिरवलं. पिचकारी नाही.

तू सांगितलंस ते सगळं केलं. स्किमर काढून साध्या पाण्याने, मग व्हिनेगर घालून, मग पुन्हा साध्या पाण्याने. डिटर्जंट शोषून घ्यायला कोळशाची पिशवी पाण्याच्या वाटेत ठेवली. गोड्या पाण्याचा नळ बंद. नवं खारं पाणी कालवलं, ते उद्यापासून थोडं थोडं, एकदम नाही. एकदम मीठ वाढवलं तर मासा मरेल, हे तू दोनदा सांगितलंस आणि मी दोनदा ‘हो’ म्हटलं. बादल्या जड असतात, त्याला बोलवा, असं तू म्हणालीस. तो आंघोळीला गेला होता. मीच उचलल्या. ओल्या चादरींचे गठ्ठे उचललेली बाई आहे मी, काही झालं नाही.

तुझा मासा माझ्या हातून गेला, तर मी तुला पुढचं पत्र कोणत्या तोंडाने लिहू?

तुझी सासू

१९ मार्च

सूनबाई,

खाल्लं! फोनवर सांगितलंच, पण कागदावरही असू दे. कवचासकट अख्खी कोळंबी, कराकरा, आणि अर्धी सांडली. मग माझ्या चष्म्यावर पिचकारी. मी पुसला नाही बराच वेळ.

मीठ तुझ्या आकड्यावर आलं. स्किमर कालपासून पुन्हा चालू आहे आणि कपात आज बोटभर, काळपट, कुजक्या वासाचं पाणी जमलंय. इतकं घाण पाणी बघून इतका आनंद मला आयुष्यात झाला नव्हता. बुडबुडेही बघून गेले. म्हणाले, निवड अचूक आहे. मी म्हटलं, निवड अचूक होती, निवडणारी जरा उत्साही होती.

रोज संध्याकाळी तुझा फोन यायचा. पाच मिनिटं, आकडे विचारायचे, पुढचं सांगायचं. एकदाही ‘तुम्ही असं कसं केलंत’ म्हणाली नाहीस. मी माझ्या लाँड्रीत कुणी गिऱ्हाइकाची पैठणीइतकी जपलेली साडी डागाळली असती, तर त्याला रस्त्यापर्यंत ऐकू जाईल असं बोलले असते. तू दिवसभर तिकडे तुझ्या मोठमोठ्या टाक्यांशी झुंजून यायचीस आणि मग माझ्या एका टाकीसाठी आवाज शांत ठेवायचीस. मी फोन ठेवल्यावर तसं बोलायचा सराव करून बघते. इस्त्रीवाल्याला वाटतं माझी तब्येत बरी नाही.

आता सगळं ठीक झालं, म्हणून कालपासून फोन नाही. ते बरोबरच आहे.

तुझी सासू

५ एप्रिल

सूनबाई,

घटस्फोटाचे कागद आले. पाकिटावर नाव चिरंजीवांचं, पत्ता इथला, आणि फोडलं मी. सवयच आहे माझी, तुला ठाऊक आहे.

सगळं वाचलं, अगदी शिक्क्यापर्यंत. गाडी त्याला. पुस्तकांचं कपाट तुला. ‘काचेची मोठी टाकी, आनुषंगिक उपकरणांसह’ तुला. फुग्या आनुषंगिक उपकरणांत मोडतो हे मी त्याला सांगितलेलं नाही, त्याला वाईट वाटेल. शेवटपर्यंत शोधलं, मी कुठेच नाही. ना तुझ्या वाट्याला, ना त्याच्या. आधी जरा अपमानच वाटला. मग विचार केला की बरं झालं. तुम्ही दोघांनी सह्या करून एकमेकांना सोडलंत. माझी सही कुणी मागितली नाही, म्हणजे मी कुणालाच सोडलेलं नाही. माझ्यापुरती तू सूनच आहेस, आणि याविरुद्ध कुठल्या कोर्टात जायचं ते जा.

आता जे लपवलं ते सांगते. चिरंजीव इथे राहत नाहीत. तू गेल्यावर दुसऱ्याच महिन्यात त्याने ऑफिसजवळ जागा घेतली. या हॉलमध्ये बसवत नाही म्हणाला, समोर टाकी दिसते. टाकी देऊन टाक म्हणाला, मी नाही म्हटलं, मग तो गेला. भांडण नाही. रविवारी दुपारी येतो, जेवतो, टाकीकडे पाठ करून बसतो, जातो. मी फोनवर दर वेळी तो आंघोळीत आहे म्हणायचे. तो एवढ्या आंघोळी करणारा नाही, हे तुला माझ्याइतकंच माहीत आहे, आणि तरी तू काही बोलली नाहीस.

लपवलं अशासाठी, की एकटी म्हातारी एवढ्या घरात म्हटल्यावर तू धावत आली असतीस. मला तशी तू यायला नको होतीस. माझी दया येऊन नको. स्किमरबद्दल चार ओळी लिहायला म्हणून आलीस तर हवी होतीस. हट्टी आहे मी. पण त्या हट्टापायी मी तुझा मासा जवळजवळ मारला, आणि भाडेकरू तर गेलाच. मला टाकी सांभाळायची नव्हती, तुला सांभाळून ठेवायचं होतं. त्याचा भार त्या मुक्या प्राण्यांनी का वाहायचा?

म्हणून आता शहाण्यासारखं वागते. टाकी कागदावरही तुझीच आहे. तुमच्या केंद्रात जागा असेल, नसेल तर तू करशील. बुडबुड्यांशी बोलून ठेवलंय, ते गाडी, पिंपं आणि हवेचा पंप देतील. तू म्हणशील त्या दिवशी फुग्या, पिवळी आणि बाकीचे निघतील. स्किमरही घेऊन जा, तो चांगला आहे.

टाकी गेल्यावर लिहायला काही निमित्त राहणार नाही, असं मी पहिल्या पत्रात म्हटलं होतं. निमित्त नसताना लिहिलं तर वाचशील का, एवढंच विचारायचं आहे. नाही म्हणालीस तरी मी समजून घेईन. आवडणार नाही, पण समजून घेईन.

तुझी सासू

१० एप्रिल

अहो आई,

गाडी रद्द करा. फुग्या म्हातारा आहे, आत्ताच एवढं सोसलंय, प्रवास झेपणार नाही. तो तिथेच राहील.

स्किमर बरोबर निवडलात. मीसुद्धा तोच घेतला असता.

तो नसतो हे मला दुसऱ्या फोनलाच कळलं होतं. तुम्ही सांगाल म्हणून थांबले.

शनिवारी येते, आणि दर महिन्याला येत जाईन. दया म्हणून नाही. मला तुमच्याशी बोलायला आवडतं, आणि इथे तसं बोलणारं कुणी नाही.

दार उघडायला जिना उतरू नका. कागदांत किल्लीचा उल्लेख नाही, म्हणून मी ती कुणाला परत दिलेली नाही.